सळया बुडवून पाणी ‘तपासणारे’ दारात आले तर

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण सापडायला लागले, दूषित पाण्याचा संशय होता आणि आम्ही सगळ्यांनीच पाण्याची धास्ती घेतली. आई-नाना हवेली तालुक्यात गावी राहतात. त्याच आठवड्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण त्यांच्या दारात आला. ‘पाणी तपासायला आलोय’, एवढंच म्हणाला. आईला वाटलं, पंचायतीनंच पाठवलाय.

त्यानं दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं. दोन्हींत सळया बुडवून वायर प्लगला लावली. नळाचं पाणी आधी पिवळट झालं, मग हिरवट-काळं, वर शेवाळासारखा साका. दुसरा ग्लास नितळच. ‘आजी, हे तुमच्या नातवाच्या पोटात जातंय.’ आईचे हातपाय गळाले. नानांनी कांदा विकून आलेल्या पैशातले साडेचौदा हजार तिथल्या तिथे मोजले आणि आरओ मशीन घेतलं. पावती साध्या कागदावर.

शेजारी विज्ञान शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी नव्या मशीनचंच पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि बॅटरीला जोडलेले दोन खिळे बुडवले. थोड्या वेळात तस्साच साका! ती घाण पाण्यातली नव्हतीच, लोखंड झिजून उतरत होतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. आरओनं क्षार काढलेल्या पाण्यातून जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्याच्या बाटलीतलं पाणी नितळ राहिलं. एवढ्यावर माझ्या आईला रडवलं त्यानं.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण म्हणजे टीडीएस. भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. आमचं 380 निघालं. पण पाण्यात जंतू आहेत का, खतांतून, सांडपाण्यातून उतरणारं नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर गेलंय का, हे ना सळई सांगते ना टीडीएसचं मीटर.

मग जलसुरक्षकाकडून, म्हणजे पंचायतीसाठी पाण्याचे नमुने घेणाऱ्याकडून, एचटूएसच्या दोन बाटल्या आणल्या. पाण्यात जंतू असतील तर ही बाटली काळी पडते. एकीत थेट नळाचं पाणी भरलं, दुसरीत आमच्या गच्चीवरच्या टाकीचं. दुसऱ्या दिवशी टाकीची बाटली काळीकुट्ट. टाकीचं झाकण कधीचं तुटलेलं, आत कबुतराची पिसं. तो माणूस गच्चीवर चढलासुद्धा नव्हता.

टाकी घासून घेतली, नवं झाकण बसवलं. त्याचा फोन आता लागत नाही. आमच्या आळीत अजून चार घरांनी मशीन घेतलंय. आम्ही मिळून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतोय. तुमच्याकडे कुणी आलं, तर सळया बुडवू देण्याआधी ग्रामपंचायतीत फोन लावा.