मद्रास आयआयटीची ऑनलाइन बीएस : दोन वर्षं आणि पाच मुलाखतींनंतर

“आयआयटी म्हणताय, मग जेईईत रँक किती होती?” पाचपैकी चार मुलाखतींत पहिला प्रश्न हाच होता. मी बीकॉम, आता मद्रास आयआयटीची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी करतेय. सहा वर्षं अकाउंट्समध्ये काम केलं, जेईईचा फॉर्मसुद्धा कधी भरला नव्हता. पहिल्या वेळी मी चाचरले आणि समोरच्या मॅडमनी माझा रेझ्युमे बाजूला ठेवला. तेव्हापासून मी विचारायची वाट बघत नाही. जेईई दिलेली नाही, या पदवीला ती लागत नाही, प्रवेश कसा होतो ते सांगते, असं आधीच बोलून टाकते.

प्रवेश होतो तो असा. २०२० साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाला बारावी पास झालेल्या कुणालाही अर्ज करता येतो, फक्त दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. पण अर्ज केला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. आधी चार आठवडे इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग (संगणकाला सोडवता येईल अशा रीतीनं प्रश्नाचा विचार करणं) शिकवतात. दर आठवड्याला असाइनमेंट असते. त्यांत पुरेसे गुण पडले तरच केंद्रावर जाऊन चार तासांची क्वालिफायर, म्हणजे पात्रता परीक्षा, देता येते. खुल्या प्रवर्गासाठी प्रत्येक विषयात ४० आणि सरासरी ५० टक्के लागतात. तेवढे मिळाले की प्रवेश पक्का.

“म्हणजे कुणीही येऊ शकतं,” असं एका मुलाखतकारांनी म्हटलं. येऊ शकतं, हे खरंच आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. टिकणं ही वेगळी गोष्ट. आमच्या अभ्यासगटात सुरुवातीला अकरा जण होतो; फाउंडेशनचे, म्हणजे पहिल्या टप्प्याचे, आठ विषय संपेपर्यंत चौघं उरलो. मला सगळ्यात जड गेलं ते संख्याशास्त्र. दुसऱ्या टर्मला मी त्यात नापास झाले, पुन्हा घेतलं, सुटले. मुलाखतीत हेही लपवलं नाही.

समोरच्याचा सूर बदलतो तो परीक्षेचं सांगितल्यावर. ऑनलाइन पदवी म्हटलं की लोकांच्या मनात घरबसल्या, पुस्तक उघडं ठेवून दिलेली परीक्षा असते. “बाहेरून करताय का?” हा प्रश्न मी नातेवाइकांकडूनही ऐकलाय. इथे व्हिडिओ घरी बघायचे, पण क्विझ आणि एंड टर्म केंद्रावर, ओळखपत्र दाखवून. वर्षातून तीन टर्म, म्हणजे दर चार महिन्यांनी हे चक्र. नोकरी सांभाळून रविवार असे किती गेले याची मोजदाद मी सोडून दिली.

आता कंपन्यांविषयी, कारण बहुतेक जण त्यासाठीच हे वाचत असाल. मोठ्या कंपन्यांच्या अर्जात अजूनही बीई, बीटेक, एमसीए आणि ‘इतर’ एवढेच पर्याय सापडतात. मी ‘इतर’ निवडून पाठवलेल्या अर्जांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. आयआयटीच्या नावाचा तिथे काडीचा उपयोग होत नाही, कारण अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही. लहान कंपन्यांत उलट अनुभव आला. नाव बघून फोन येतो, पण नावाचं काम फोनपुरतंच. एका ठिकाणी टेक लीडनी माझा अ‍ॅप डेव्हलपमेंटचा प्रोजेक्ट उघडला. पार्किंगची जागा आरक्षित करायचं अ‍ॅप, फ्लास्क (वेब अ‍ॅप बनवायचं साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून लिहिलेलं. शेवटची एकच जागा उरली असताना दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. माझ्या कोडमध्ये दोघांनाही जागा मिळाली असती. मी तसं कबूल केलं आणि ट्रान्झॅक्शन (जागा तपासणं आणि नोंदवणं एकाच अखंड पायरीत करणारी डेटाबेसची सोय) कुठे घालावं लागेल ते कागदावर लिहून दाखवलं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. रँकचा विषयही निघाला नाही. नोकरी तिथेच लागली.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगायला हवी. मला घेतलं ते एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि हिशेब दोन्ही येतात म्हणून. त्यांचं सॉफ्टवेअर बिलिंगचं आहे. शिवाय पदवीधर असल्याची अट माझ्या बीकॉमनं आधीच पुरी केली होती. ज्यांची ही एकमेव पदवी असणार आहे त्यांनी माझ्या अनुभवावरून थेट हिशेब मांडू नये. त्यांना फाउंडेशनचं प्रमाणपत्र, डिप्लोमा, बीएससी, बीएस असे टप्पे समजावून सांगावे लागतात, आणि ११४ क्रेडिट्सना बीएससी, १४२ ना बीएस हे एचआरमध्ये फार थोड्यांना माहीत असतं. कॅम्पसवरच्या बीटेकच्या प्लेसमेंटचे आकडे डोळ्यांसमोर ठेवून तर मुळीच येऊ नका.

रेझ्युमेवर नुसतं ‘आयआयटी मद्रास’ लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलाखतीत ते उघडं पडतं आणि मग आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयानं बघितलं जातं. मी अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव लिहिते, बीएस इन डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स, आणि पुढे ‘प्रोग्रामिंगचा डिप्लोमा पूर्ण, पदवी चालू’.

जानेवारीपासून डेटा सायन्सचा डिप्लोमा सुरू करतेय. पहिल्या टर्मला दोनच विषय घेणार आहे, कारण मार्चमध्ये आमच्या सगळ्या ग्राहकांची वर्षअखेर असते आणि बिलिंगचे फोन रात्री दहापर्यंत चालू राहतात.