पिक लाईन घेऊन घरी: आईच्या मणक्याच्या इन्फेक्शनचं औषध आम्ही गावातच दिलं, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगतो. शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक दंडात बसवलेल्या नळीतून (पिक लाईन) घरी देता येतं, आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यातही देता आलं. सिरिंज भरणं वगैरे चार दिवसांत हातात बसतं. अवघड असतं ते दर आठवड्याला ड्रेसिंग बदलणारा शिकलेला हात मिळणं आणि रात्री काही अडलं तर फोन उचलणारं माणूस मिळणं. या दोघांची सोय झाल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका.

आईची कंबर दुखायची, अधूनमधून ताप यायचा. सगळ्यांनी ते वयावर आणि निंदणीवर ढकललं. शेवटी एमआरआयमध्ये मणक्यात इन्फेक्शन निघालं आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू. नशीब इतकंच की तो साध्या औषधांना दाद देणारा होता. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, दर ८ तासांनी, एकूण ६ आठवडे असा हिशेब ठरला. हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेला नाही ना, हे पाहायला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तो चांगला आला. ताप उतरल्यावर डॉक्टरांनीच विचारलं, घरी न्याल का?

मी उलट विचारलं, गोळ्यांनी नाही का भागणार? हा प्रश्न तुम्हीही नक्की विचारा. हाडं आणि सांध्यांच्या इन्फेक्शनवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २०१९ साली छापून आली. १०५४ रुग्णांपैकी अर्ध्यांना शिरेतून आणि अर्ध्यांना तोंडाने औषध दिलं. वर्षभराने उपचार फसल्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं: शिरेतून १४.६ टक्के, गोळ्यांनी १३.२ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांची लाईनशिवाय सुटका होऊ शकते. पण सुरुवातीला रक्तातच हा जंतू सापडलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते आणि आईच्या रक्तात तो होता. त्यामुळे आमच्यासाठी उत्तर "नाही" असं आलं. ते पटलं.

घरी असं औषध द्यायची पद्धत तशी जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत फुफ्फुसाच्या आजाराच्या मुलांवर तिचा पहिला अनुभव छापला गेला. आमच्या गावात मात्र पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "दवाखान्यानं सोडून देल्लं काय बाप्पा?" घरी सलाईन म्हणजे शेवटचं, अशीच सगळ्यांची समजूत. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच समजावत बसलो.

आता लाईनबद्दल. पिक लाईन म्हणजे दंडाच्या शिरेतून आत घातलेली बारीक, लांब नळी. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, ते जागेवर आहे की नाही हे एक्स-रे काढून बघतात. हॉस्पिटलात आईच्या मनगटावर इंट्राकॅथ (शिरेत घालायची छोटी नळी) लावायचे. दोन-तीन दिवसांत हात सुजायचा, मग पुन्हा नवी शीर शोधा. सत्तरीच्या बाईला किती टोचणार? एकच लाईन शेवटपर्यंत टिकली, एवढ्यासाठी तरी तिला पूर्ण गुण. तोटा म्हणजे त्या हाताने बादली उचलायची नाही, हापसा मारायचा नाही, आणि रक्तदाब नेहमी दुसऱ्या हातावर मोजायचा. आईला हे पाळायला लावणं हेच आमचं खरं काम. "माह्या हाताले काहीच नाही झालं, आन तो गुंड (पाण्याचा हंडा) इकडं," हे रोजचं.

सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा वेळा धरल्या. रात्रीची पाळी बायकोची. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर, हे आईनेच ठरवून टाकलं. साबणाने हात धुवायचे, लाईनच्या टोकाची टोपी स्पिरिटच्या पट्टीने निदान १५ सेकंद घासायची आणि वाळू द्यायची. घाई नेमकी वाळण्यापाशी होते. मग १० मिली सलाईन, मग औषध, मग पुन्हा १० मिली सलाईन, शेवटी नळीवरचा चिमटा बंद. सलाईन एका दमात ढकलायचं नाही. थोडं ढकला, थांबा, पुन्हा ढकला, म्हणजे नळीच्या आत काही चिकटून राहत नाही. सिरिंज १० मिलीची किंवा मोठीच हवी. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. मेडिकलवाल्याने "दहाची संपली, पाचची न्या" म्हटलं तर घेऊ नका.

सेफाझोलिन २० मिलीमध्ये कालवून सिरिंजनेच ३ ते ५ मिनिटांत हळूहळू देता आलं, म्हणून सलाईनची बाटली टांगून थेंब मोजायची वेळ आली नाही. प्रत्येक औषधाला ही सवलत नाही. व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला निदान तासभर लागतो. डॉक्टर औषध निवडत असतानाच विचारून घ्या की दिवसातून किती वेळा आणि दर वेळी किती मिनिटं. शेतीची कामं सांभाळून करायचं असेल तर सगळं गणित यावर बसतं.

उन्हाळ्याबद्दल कुणी आधी सांगितलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. घामाने पारदर्शक ड्रेसिंगच्या कडा सुटतात. ड्रेसिंग ७ दिवस चालतं, पण कड सुटली किंवा आत ओल दिसली की त्याच दिवशी बदलावं लागतं. घाम कमी यावा म्हणून आईची खाट कुलरसमोर, पण औषध देताना कुलर बंद, कारण तो दमट हवेबरोबर धूळही फेकतो. व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) टिनाखालच्या खोलीत न ठेवता मधल्या घरातल्या पेटीत ठेवल्या आणि दर वेळी ताजंच कालवलं. लाईट गेली तरी काम अडू नये म्हणून चार्जिंगचा दिवा हाताशी असायचा.

दर गुरुवारी एसटीने वर्धा. ड्रेसिंग, टोपी बदलणं, रक्ताच्या तपासण्या: रक्तपेशी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सीआरपी (अंगातली सूज-इन्फेक्शन किती आहे ते दाखवणारी). नळी दंडाबाहेर किती सेंटिमीटर आहे ते सिस्टर दर वेळी मोजून लिहायच्या. तो आकडा वाढला तर नळी सरकली असं समजायचं. ड्रेसिंग जवळपास कुठे होईल का म्हणून तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात विचारून पाहिलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "करून देऊ, लाईन आहेच तर ताकदीचं सलाईनही सोडून देतो." मी आईला घेऊन परत आलो. ती लाईन दुसऱ्या कशालाही वापरायची नाही असं आम्हाला बजावलं होतं. घरी येणाऱ्या नर्सची एक सेवा फोनवर फार गोड बोलली, पण गावाचं नाव ऐकून म्हणाली की एवढ्या लांब येत नाही.

घाबरायचं कधी, ते भिंतीवर लिहून लावलं होतं. सलाईन ढकलल्यावर थंडी वाजून ताप, दंड किंवा मान सुजणं, टोचल्या जागी लाली किंवा पू, अंगावर पुरळ, श्वास लागणं. जुलाब फार झाले तर थांबवायची गोळी मनाने द्यायची नाही, आधी फोन. आणि सलाईन जात नसेल तर जोर लावायचा नाही. एका रात्री ते जाईना. बायकोने फोन लावला, तिकडून चिमटा आणि हाताची ठेवण तपासायला सांगितलं. कोपर सरळ केल्यावर गेलं. तो फोन उचलला गेला नसता तर अर्ध्या रात्री गाडी शोधावी लागली असती.

कचऱ्याचं मात्र आधी ठरवा. औषध कालवायच्या सुया उकिरड्यात गेल्या की शेणखताबरोबर शेतात जातात आणि मग कुणाच्या तरी पायात. आम्ही जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचो आणि गुरुवारी हॉस्पिटलात देऊन यायचो. आशाताईंनी उपकेंद्रातही विचारून ठेवलं होतं.

लाईन काढणं दोन मिनिटांचं काम. भूल नाही, आईने हूं की चूं केलं नाही. नंतर काही दिवस गोळ्या चालल्या. आता काही महिने झाले, सीआरपी जागेवर आहे आणि आई पुन्हा कामाला बसते, मना करूनही.

औषध एका वेळी आठवड्याचंच घ्या, बिल जपून ठेवा. आम्ही सुरुवातीला पूर्ण कोर्सचं घेणार होतो, सिस्टरने थांबवलं. मध्येच पुरळ आलं किंवा क्रिएटिनिन वाढलं तर औषध बदलतं आणि फोडलेला बॉक्स मेडिकलवाला परत घेत नाही.