चॉकलेट सिस्ट आणि बाळाची आस: आधी ऑपरेशन की आधी आयव्हीएफ?

दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ), डॉक्टर म्हणतात काढून टाकू, आणि तुला बाळ हवंय. तुझी घालमेल कळते गं. दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघू.

आधी अंडसाठा, कारण तो गेला की परत येत नाही. दुर्बिणीतून सिस्ट सोलताना तिला चिकटलेला अंडाशयाचा निरोगी भागही थोडा निघतो. रक्त थांबवायला दिलेल्या डागणीने आणखी इजा होऊ शकते. एएमएच, म्हणजे अंडसाठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं संप्रेरक, उतरतं; दोन्ही बाजूंना ऑपरेशन असेल तर जास्तच. आयव्हीएफ आधी केलं तर ही झीज टळते. 'एश्री' या युरोपीय संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून सरसकट ऑपरेशन करू नका, असंच सांगतात.

दुखण्याच्या बाबतीत मात्र ऑपरेशन सरस. आयव्हीएफने वेदना जात नाहीत. ऑपरेशननंतर नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यताही वाढू शकते. पण सिस्ट पुन्हा होऊ शकते.

खर्चाचं म्हणशील, तर आयव्हीएफची एकच फेरी पुरेल असं धरून चालू नकोस.

वय पस्तिशीच्या आत, एएमएच चांगलं, सिस्ट एकाच बाजूला आणि पाळीत असह्य दुखत असेल, तर मी ऑपरेशनकडे झुकेन. पस्तिशी ओलांडली, एएमएच कमी किंवा आधी एकदा ऑपरेशन झालंय, तर आधी आयव्हीएफ, निदान अंडी गोठवून ठेवणं. तुझ्या दोन्ही बाजूंना सिस्ट आहेत, म्हणून तारीख घेण्याआधी एएमएच तपासून घेच.

सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसली, तर ही तुलना बाजूला ठेव आणि आधी कर्करोगतज्ज्ञांना गाठ.