नाशिकमध्ये चित्राची फ्रेम: कोपरे झकास, पाठ कच्ची

नाशिकमध्ये फ्रेम करून देणाऱ्यांची वानवा नाही. जुन्या बाजारात देवादिकांच्या तसबिरी आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो मढवणारी दुकानं आहेत; कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे भिंतभर फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने लावलेली, एसी चालू असलेली दुकानं आहेत. शिवाय माप टाकलं की घरपोच फ्रेम पाठवणारे ऑनलाइनवालेही आहेत. तिन्हींबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. समोरून दिसणारं काम बहुतेक ठिकाणी चांगलं होतं, जुन्या बाजारात तर कधीकधी फारच सुबक. काचेच्या मागे, जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही, तिथलं काम मात्र कच्चं असतं. चित्र खराब होतं ते तिथूनच.

मापाला एक नमुना धरू: गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र, अर्धा इम्पीरियल कागद, म्हणजे 15 × 22 इंच. असं चित्र घेऊन दुकानात गेलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘साहेब, पट्टी कुठली टाकू?’ आणि हात सोनेरी नक्षीच्या नमुन्याकडे जातो. हा क्रमच उलटा आहे. आधी माउंट (चित्राभोवतीची, मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) ठरवा, मग काच, मग पाठ (चित्राच्या मागची बाजू बंद करणारे थर), आणि सगळ्यात शेवटी पट्टी. पट्टी आधी निवडली की तिची रुंदी आणि मागच्या खाचेची (जिच्यात काच, माउंट आणि पाठ बसतात) खोली बाकीच्या सगळ्यावर बंधन घालते. खाच उथळ निघाली तर दुकानदार माउंटचा एक थर काढून टाकतो आणि चित्र काचेला चिकटतं.

माउंटच्या बाबतीत नाशिकची दुकानं सढळ नाहीत. न सांगता दीड इंच माउंट मिळतं, कारण पूर्ण बोर्डातून तुकडे बसवायला ते सोयीचं असतं. अर्ध्या कागदाच्या चित्राला वर आणि दोन्ही बाजूंना 3 इंच, खाली साडेतीन इंच सांगा. खालचा अर्धा इंच जास्त घेतला नाही तर टांगल्यावर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. खिडकी कापताना चित्राच्या प्रत्येक कडेवर पाव इंच माउंट चढू द्यायचं. म्हणजे दिसणारं चित्र साडेचौदा × साडेएकवीस, आणि बोर्डाचं बाहेरचं माप 21 × साडेसत्तावीस इंच. सही अगदी कडेला असेल तर ही पाव इंचाची पट्टी सहीवरच येते. तेव्हा खिडकी कागदापेक्षा थोडी मोठी कापून कागदाची कड मोकळी दिसू द्यावी. अनेक दुकानदार याला ‘चुकीचं दिसतं’ म्हणतात. ऐकू नका, ते सुंदर दिसतं.

रंगाबद्दल एक नियम कधीच फसत नाही: माउंट चित्रातल्या सर्वांत पांढऱ्या जागेपेक्षा पांढरं नको. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद, आणि चांगला कापसाचा कागद बहुतेकदा किंचित मलईकडे झुकलेला असतो. त्याच्याभोवती झगझगीत पांढरं माउंट आलं की घाटाच्या पायऱ्यांवरचं ऊन एकदम मळकट दिसायला लागतं. चित्र तेच असतं, पण पाण्यावरची चमक गेलेली असते. दुकानातल्या थंड एलईडीखाली हा फरक कळत नाही. चित्र आणि माउंटचे तीन-चार तुकडे घेऊन सरळ दाराशी या, दिवसाच्या उजेडात तुकडा चित्राच्या कोऱ्या जागेला टेकवून बघा. काळं माउंट फोटोला शोभतं. हलक्या जलरंगाचा ते जीव घेतं. डबल माउंट हवं असेल तर आतलं पाव इंचापेक्षा जास्त दिसू देऊ नका, आणि त्याचा रंग चित्रातल्या मधल्या छटेतून घ्या. घाटावरच्या नारिंगी पताकेचा रंग माउंटला दिला तर बघणाऱ्याला आधी माउंट दिसतं, मग पताका आणि मग जमलं तर चित्र.

आता बोर्डाच्या जातीकडे. साधा माउंट बोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यात आम्ल असतं. काही वर्षांनी खिडकीचा तिरपा काप पिवळा, मग तपकिरी पडतो आणि तोच डाग चित्राच्या कडेवर उतरतो. घरातल्या जुन्या फ्रेमा उघडून बघा, ही तपकिरी चौकट बहुतेकांत सापडेल. ती कागदातून सहजी निघत नाही. म्हणून ‘ॲसिड-फ्री’ बोर्ड मागायचा, तोही समोरच्या माउंटसाठी आणि चित्रामागच्या बोर्डासाठी, दोन्हीकडे. मोठ्या दुकानांत तो असतो किंवा सांगितल्यावर मागवून देतात. जुन्या बाजारात शब्द कळतो, पण माल नसतो. तिथे बोर्ड आपण नेऊन दिला तर बिनतक्रार कापून देतात. आपला बोर्ड न्या, कापणावळ द्या, हा व्यवहार नाशिकमध्ये चालतो आणि तो फायद्याचा आहे.

सगळ्यात मोठा गुन्हा चिकटवण्यात होतो. डबल टेपच्या पट्ट्या चारही बाजूंना मारून चित्र बोर्डावर सपाट बसवतात. काही जण तर अख्ख्या पाठीला फेविकॉल लावतात. त्या दिवशी चित्र काचेसारखं सपाट दिसतं, गिऱ्हाईक खूश. जुलैमध्ये हवेतला ओलावा वाढला की कागद फुगतो, चारी बाजूंनी जखडलेला असल्याने त्याला पसरायला जागा नसते आणि मधोमध लाटा उठतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच कागद आकसतो आणि टेपच्या कडेला ताण बसतो. बरोबर पद्धत अशी: चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचं, खालची आणि बाजूची कड मोकळी. टांगण्यासाठी जपानी टिश्यू कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पट्टीचा अर्धा भाग चित्राच्या पाठीला, अर्धा बोर्डाला, वरून एक आडवी पट्टी. सेलोटेप आणि खाकी टेप चित्राला लागता कामा नये. त्यांचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग समोरून दिसतो. खळ अगदी पातळ हवी, कारण जाड थरावर कसर येते. दुकानात हे कुणी आपणहून करणार नाही. चित्र घरी टांगून, माउंट लावून, फ्रेमसाठी तेवढंच न्यायचं, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. लॅमिनेशनचा प्रस्ताव आला तर चित्र उचलून बाहेर पडा.

काचेत निवड तीन-चार प्रकारांची. साधी 2 मिलिमीटर काच आपल्या मापाला साधारण 1.9 किलो भरते, 3 मिलिमीटरची 2.8 किलो, आणि 2 मिलिमीटर ॲक्रिलिक जेमतेम 0.9 किलो. ॲक्रिलिक हलकं आणि न फुटणारं, म्हणून ऑनलाइनवाले तेच पाठवतात. पण ते लवकर ओरखडतं आणि त्यावर स्थिर वीज साठते. पेस्टल किंवा कोळशाच्या चित्रावर ॲक्रिलिक कधीही नको, भुकटी उडून त्याला आतून चिकटते. ‘नॉन-ग्लेअर’ म्हणून जी खडबडीत काच स्वस्तात देतात ती चित्राला जवळजवळ टेकली असेल तरच बरी दिसते. माउंटमुळे थोडं अंतर पडलं की चित्रावर धुकं येतं, डबल माउंटवर तर विचारूच नका. थर दिलेली अँटी-रिफ्लेक्टिव्ह काच ही वेगळी चीज आहे, महागही आहे. फरक ओळखायचा तर काचेचा तुकडा चित्रापासून इंचभर वर धरा. अक्षरं किंवा रेषा फिसकटल्या तर ती खडबडीत काच.

साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराचसा भाग आत येतोच. चांगली यूव्ही काच तो 97 ते 99 टक्के अडवते. तरीही दिसणारा उजेडही रंग उडवतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगायचं आणि काचेवर भरवसा ठेवायचा, हे जमणार नाही. ॲलिझरिन क्रिम्झनसारखे कच्चे लाल आणि झगझगीत गुलाबी आधी उडतात. संध्याकाळच्या आकाशातला लाल गेला की मागे राखाडी ढग उरतो.

पट्टीकडे आता वळू. एकच पथ्य: पट्टी आणि माउंट सारख्या रुंदीचे नकोत. 3 इंच माउंटला पाऊण ते एक इंच पट्टी छान बसते. घाटाच्या काळ्या दगडाचं चित्र असेल तर गडद तपकिरी किंवा सागाचा नैसर्गिक रंग. नक्षीदार सोनेरी पट्टी तैलचित्राला, तंजावूर शैलीच्या चित्राला शोभते. (तंजावूरच्या खड्यांना काच लागू नये म्हणून आत स्पेसर (काच आणि चित्र यांत अंतर ठेवणारी पट्टी) घालायला सांगा, नाहीतर खडे आणि सोन्याचा वर्ख काचेला चिकटून येतो. कापडावरच्या वारलीचंही तेच. पांढरा रंग काचेला घासला की खपल्या पडतात.)

सिंथेटिक पट्टी स्वस्त, वाळवी न लागणारी, आणि छोट्या मापाला अगदी योग्य. पण 24 × 36 इंचांच्या पुढे काचेच्या वजनाने खालची बाजू मधून वाकते. तिथे लाकूडच हवं, दीड इंच तरी रुंद. लाकडात प्रश्न ओलेपणाचा. नीट न वाळलेल्या लाकडाची पट्टी रुंदीत आकसते आणि एप्रिलमध्ये कोपरा आतल्या बाजूने उघडतो. उलट पावसाळ्यात लाकूड फुगलं तर फट बाहेरच्या टोकाला दिसते. पट्टी जितकी रुंद, तितकी फट मोठी. त्यामुळे दोन इंचांची सागवानी पट्टी घ्यायची तर वाळवलेलं लाकूड आहे का, हे विचारणं पट्टीच्या रंगापेक्षा महत्त्वाचं.

कोपऱ्यांच्या बाबतीत मात्र नाशिकच्या कारागिरांना दाद द्यावीच लागेल. जुन्या बाजारातले हात 45 अंशांचा काप इतका नेमका देतात, की नख फिरवलं तरी सांधा कळत नाही. घेताना तीन गोष्टी तपासा. दोन्ही कर्णांची मापं सारखी आहेत का. मागे प्रत्येक कोपऱ्यात व्ही-नेल (दोन्ही पट्ट्या जोडणारा व्ही आकाराचा खिळा) आहे की नुसता गोंद आणि एक पिन. आणि सांध्यात रंगीत पुट्टी भरलेली आहे का. पुट्टीचा थोडा हात ठीक, पण पुट्टी भरून फट झाकली असेल तर पावसाळा काढणार नाही. आतला बोर्ड आणि काच खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान हवेत. गच्च बसवलेली काच कोपऱ्यापासून तडकते.

बिलाचा हिशोब रनिंग फुटावर, म्हणजे पट्टीच्या लांबीवर असतो आणि तिथे घोळ होतो. आपल्या मापाची परिमिती 97 इंच. तिरप्या कापात वाया जाते ती पट्टीच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे एक इंच पट्टीला 8 इंच. एकूण 105 इंच, पावणेनऊ फूट. 9 फूट लावले तर वाजवी. अकरा-बारा फूट लावले तर उरलेला तुकडा मागा, छोट्या फोटोला उपयोगी पडतो. काच, माउंट आणि पाठ यांचे पैसे वेगळे लिहून घ्या. ‘सगळं मिळून’ भावात जी गोष्ट हलकी पडते ती नेहमी बोर्डच असते.

कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच लावूच नका. जाड थर वाळायला सहा महिने ते वर्ष जातं. फ्लोटर फ्रेम (जिच्यात कॅनव्हासच्या कडा मोकळ्या दिसतात) घ्यायची तर कॅनव्हास आणि पट्टीमध्ये चारी बाजूंना पाच ते आठ मिलिमीटर सारखी फट हवी. कॅनव्हासच्या चौकटीत आरपार खिळे ठोकू देऊ नका, मागून पत्र्याच्या क्लिपा स्क्रूने बसवायला सांगा. ढिला कॅनव्हास ताणायला कोपऱ्यातल्या पाचरी असतात. त्या दुकानदाराने फेकल्या नाहीत ना, ते बघा.

आणखी एक, वाड्यातून निघणाऱ्या जुन्या रविवर्मा छापांविषयी. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मांच्या छापखान्याचं नाव बऱ्याच चित्रांच्या खालच्या कोऱ्या पट्टीत छापलेलं असतं. नव्या फ्रेमच्या मापात बसवायला दुकानदार ती पट्टी सर्रास कापतात. पट्टी गेली की छापाची ओळखच गेली. ‘कागदाला कात्री लावायची नाही’ हे पावतीवर लिहून घ्या.

पाठ बंद करताना 3 मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) चालेल, पण त्याच्या आणि चित्राच्या मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड हवाच. कडा टेपने पूर्ण बंद, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. इथे खाकी टेप चालतो, तो चित्राला लागत नाही. डी-रिंग (फ्रेमच्या मागे बसवायच्या टांगणीच्या कड्या) वरून एक तृतीयांश उंचीवर, त्यांत तार. नायलॉनची दोरी हळूहळू ताणते आणि फ्रेम खाली येते. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा, जेणेकरून भिंत आणि पाठ यांत हवा खेळेल. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. चकत्या नसतील तर ऑगस्टमध्ये एमडीएफवर आधी बुरशी दिसते. अशा भिंतीवर एका खिळ्याऐवजी दोन हुक, साधारण फ्रेमच्या रुंदीच्या एक तृतीयांश अंतरावर, आणि सप्टेंबरअखेर फ्रेम उतरवून पाठ एकदा कोरड्या कपड्याने पुसून घ्यावी.