संडे स्कूलची हजेरी: वही, स्प्रेडशीट की चेक-इन सॉफ्टवेअर?

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बैठकीत संडे स्कूलचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मुलं किती येतात?" उत्तरही तयार असतं, "तीसेक." हा आकडा खरा असला तरी त्यावरून फारसं काही कळत नाही. पटावर तीस मुलं असून तीच दर रविवारी येत असतील तरी तीस, आणि पटावर साठ असून प्रत्येक जण एक रविवार आड येत असेल तरी तीसच. पहिल्या मंडळीने नव्या कुटुंबांपर्यंत पोहोचायला हवं. दुसरीने आधी आलेल्यांच्या घरी जायला हवं. म्हणून साधन निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: डोकी मोजायची की नावं लिहायची? माझं मत स्पष्ट आहे, नावं लिहा. डोकी मोजून फक्त खुर्च्या आणि रंगवायचे कागद पुरतील का, एवढं समजतं.

काही वडीलधाऱ्यांना मंडळीतली ही मोजामोजी खटकते. ते बायबलमधल्या दाविद राजाने केलेल्या आणि पाप ठरलेल्या शिरगणतीचा दाखला देतात (२ शमुवेल २४). आक्षेप मनापासूनचा असतो, त्याला नीट उत्तर द्यावं. शंभरातलं एक मेंढरू हरवलं हे मेंढपाळाच्या लक्षात आलं, म्हणून तो नव्याण्णव मागे ठेवून शोधायला निघाला (लूक १५). हजेरी या दुसऱ्या कामासाठी घ्यायची आहे, अहवालात मोठा आकडा दाखवण्यासाठी नाही.

वही

पटावर पंचवीस-तीस मुलं, एक-दोन वर्ग आणि वर्षानुवर्षं टिकलेली शिक्षिका असेल, तर वहीला हरवणं कठीण आहे. ती मुलाच्या तोंडाकडे बघून नाव घेते, मूल "हजर" म्हणतं. स्क्रीनवर बोट फिरवण्यापेक्षा हे जास्त माणुसकीचं आहे.

वही अडते ती दोन ठिकाणी. मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचा इतिहास जुन्या वहीतच राहतो, आणि गळती नेमकी त्याच वळणावर दिसली नाही तर पुढे दिसतच नाही. नव्या शिक्षकाला वाटतं, हे मूल नावापुरतंच आहे. जुन्या शिक्षिकेला वाटतं, ते वर गेलं. दुसरी अडचण भावंडांची. थोरली एका वहीत, धाकटा दुसऱ्या. दोघांचे मिळून सलग चार खाडे म्हणजे घरात काहीतरी घडलंय, पण दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघणारं कुणी नसतं.

स्प्रेडशीट

बहुतेक मंडळ्यांसाठी मी हाच पर्याय सुचवेन. एक ओळ एका मुलाची, एक स्तंभ एका रविवारचा, आणि सोबत कुटुंबाचं नाव, वर्ग, जन्मतारीख, पहिल्यांदा आल्याची तारीख. गूगल शीट्समध्ये टिकबॉक्स लावता येतात, सलग तीन रिकाम्या चौकटी आपोआप रंगवता येतात आणि कुटुंबाच्या नावावर गाळणी लावली की भावंडं एकत्र दिसतात. वहीच्या दोन्ही अडचणी इथे सुटतात, तेही फुकट.

पण "तीन खाडे झाले की फोन" हा सरसकट नियम करू नका. आई-वडील वेगळे राहत असतील, तर मूल एक रविवार आड येणं हीच त्याची नियमित हजेरी. कुणाच्या वडिलांची पाळी आठवड्याला बदलते. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या तीन महिन्यांशी करा. दर रविवारी येणारी मुलगी दोनदा आली नाही, तर ती बातमी आहे. महिन्यातून एकदा येणारा मुलगा तीनदा आला नाही, तर अजून नाही. टक्केवारीही जपून वापरा. आठांच्या वर्गात दोन भावंडांना ताप आला की हजेरी २५ टक्क्यांनी घसरते, त्यावर तातडीची बैठक बोलवायचं कारण नाही. परीक्षा आणि सुट्ट्यांचे महिने मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा, मागच्या महिन्याशी नाही.

आणखी एक मोजमाप मला फार मोलाचं वाटतं: पहिल्यांदा आलेलं मूल महिन्याभरात परत आलं का? एकूण हजेरी अनेक कारणांनी हलते. हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या दारातल्या स्वागताबद्दल बोलतं.

स्प्रेडशीटचा धोका तिच्या सोयीतच आहे. लिंक ग्रुपवर टाकली की मुलांची नावं, पत्ते, ॲलर्जी सगळं कुठवर जाईल सांगता येत नाही. एकच मूल "श्रुती" आणि "श्रुति" अशा दोन ओळींत बसतं आणि दोन्हीकडे अनियमित दिसतं. नावं टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. आणि बदल करायचा हक्क दोघा-तिघांनाच ठेवा.

चेक-इन सॉफ्टवेअर

मुलांची ये-जा दारातच नोंदवणाऱ्या प्लॅनिंग सेंटर, किडचेक यांसारख्या सेवा पैसे घेतात. चर्चसीआरएम मुक्त स्रोत आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येतं, पण ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवून सांभाळणारा माणूस लागतो, तेव्हा फुकट म्हणताना त्याचे तासही मोजा.

या सॉफ्टवेअरचं खरं काम आलेख काढणं नाही, मूल योग्य हाती सोपवणं हे आहे. दारात मुलाच्या कपड्यावर सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी लागते, तोच क्रमांक पालकाकडे जातो, आणि जुळल्याशिवाय मूल सोडलं जात नाही. मुलांसाठी अनेक खोल्या असतील, दोन-तीन उपासना असतील, दारावरचा स्वयंसेवक पालकांना ओळखत नसेल, किंवा कुण्या मुलाला एका पालकाकडे सोपवायला न्यायालयाची मनाई असेल, तर हा खर्च करावाच. एका खोलीच्या संडे स्कूलला मात्र यातून दारातली रांगच मिळेल.

शिक्षक आणि मदतनीस

तिन्ही साधनांची खरी कसोटी इथे आहे, आणि निवड करताना नेमकी हीच बाजू विसरली जाते. पाळ्यांचा तक्ता सगळीकडे असतो. पण तक्त्यात कुणाचं नाव होतं यापेक्षा वर्गात प्रत्यक्ष कोण उभं राहिलं, याची नोंद हवी. वहीत ती सहसा होत नाही. स्प्रेडशीटमध्ये तीन स्तंभ पुरतात: नेमलेली व्यक्ती, आलेली व्यक्ती, बदली कधी मागितली. सॉफ्टवेअर पाळीची आठवण पाठवतं आणि होकार-नकार टिपतं, पण आयत्या वेळी कोण धावून आलं हे कुणीतरी भरावंच लागतं.

बारा रविवारांची ही नोंद समोर ठेवा. एक शिक्षिका अकरा वेळा वर्गात होती, म्हणजे तिला तीन महिन्यांत एकदाच निवांत उपासनेला बसता आलं. ती तक्रार करणार नाही. एक दिवस सेवा थांबवेल आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल. एखादा तरुण पुन्हा पुन्हा शनिवारी रात्री बदली मागतो. तो आळशी आहे असं ठरवण्याआधी त्याला दिलेला वयोगट त्याला झेपतो का, ते विचारा. आणि सर्वांत लहान मुलांच्या वर्गात बारा रविवारांत किती वेगळे चेहरे उभे राहिले, ते मोजा. नऊ असतील, तर तिथली मुलं दर रविवारी का रडतात याचं उत्तर शोधायला लांब जायला नको.

खोलीत नेहमी किमान दोन प्रौढ, तेही एकाच घरातले नसावेत, हा नियम अनेक मंडळ्यांनी लिहून ठेवलाय. तो खरोखर किती रविवार पाळला गेला, हे फक्त ही नोंदच सांगू शकते. मात्र ती बैठकीत वाचून दाखवू नका. स्वखुशीने वेळ देणाऱ्यांची क्रमवारी लावली की उरलेलेही जातात.

माहिती कुणाकडे राहील

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्यात धार्मिक श्रद्धा ही विशेष संरक्षणाची माहिती मानली आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. कुठलंही साधन घ्या, पालकांची लेखी परवानगी घ्या आणि जे वापरणार नाही ते विचारूच नका.

अजून निर्णय होत नसेल, तर सहा रविवार स्प्रेडशीट चालवून बघा. जुन्या वह्या टाइप करत बसू नका. सध्याचा पट आणि पहिल्या भेटीच्या ज्या तारखा सापडतील त्या पुरेत. दर सोमवारी यादी उघडून फोन करणारी एक व्यक्ती नावानिशी नेमा. सहा आठवड्यांत तिने कुणालाच फोन केला नसेल, तर सॉफ्टवेअरचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि त्या कामासाठी दुसरी व्यक्ती शोधा.