ओढ्याकाठी ऑफिसची इमारत वाढवताना पुराचा हिशेब: हेक-रास कितपत कामाचं?

ऑफिसला ओढ्याच्या बाजूने नवा भाग जोडायचा म्हटलं की एका प्रश्नाचं उत्तर आकड्यात द्यावंच लागतं: पुराचं पाणी वरच्या बाजूच्या शेजाऱ्याकडे किती चढेल? त्यासाठी हेक-रास घ्या. नदी-ओढ्यातल्या पाण्याची पातळी आणि वेग काढणारं, अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं हे सॉफ्टवेअर १९९५ पासून आहे, फुकट मिळतं, विंडोजवर चालतं. आधी ते फक्त ओढ्याच्या लांबीच्या दिशेने (एकमितीय) प्रवाह मोजायचं; २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून त्यात आडवा पसरणारा द्विमितीय प्रवाहही आला. पण चुकीची माहिती भरली तरी ते गुमान उत्तर देतं, आणि तिथेच बहुतेक अहवाल फसतात.

आधी सध्याच्या स्थितीचं मॉडेल, मग प्रस्तावित. दोन्हींत फरक फक्त बांधकामाचा आणि भरावाचा हवा. इमारतीच्या प्रवाहाकडून वरच्या आणि खालच्या बाजूच्या भिंतीलगत एकेक काटछेद (ओढ्याच्या आडव्या रेषेतली जमिनीची उंची) लागतो. तो जुन्या मॉडेलमध्ये नसेल तर दोन्हींत घाला. नाहीतर पातळी बांधकामामुळे बदलली की नव्या छेदांमुळे, हे सांगता येणार नाही.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे एकाच छेदावर 'ब्लॉक्ड ऑब्स्ट्रक्शन' (अडथळ्याने व्यापलेली जागा) टाकून मोकळं होणं. इमारतीमागे पाणी साचून राहतं, वाहत नाही. समजा नवा भाग पूरक्षेत्रात १२ मीटर पुढे येतो. वरच्या बाजूला प्रवाह साधारण एकास एक आकसतो, म्हणजे १२ मीटर आधीपासून. खालच्या बाजूला तो सावकाश पसरतो, दोनास एक धरलं तर २४ मीटरपर्यंत. हे त्रिकोण 'इनइफेक्टिव्ह फ्लो एरिया' (पाणी असतं पण वाहत नाही अशी जागा) म्हणून दाखवले नाहीत तर पाण्याची चढ कमी दिसते.

दुसरी पळवाट पार्किंगची. गवताच्या जागी डांबर आलं म्हणून मॅनिंगचा एन (पृष्ठभागाचा खडबडीतपणा सांगणारा आकडा) ०.०३५ वरून ०.०१६ केला की कागदावर पूरपातळी उतरते. पुराच्या वेळी तिथे गाड्या उभ्या असू शकतात. हा फायदा घेऊ नये.

द्विमितीय मॉडेलमध्ये वेगळीच गोम आहे. त्यात जमीन छोट्या घरांच्या जाळीत विभागलेली असते आणि प्रवाह अडतो तो या घरांच्या कडांवर. इमारत एकाच घराच्या पोटात राहिली तर त्या घरात मावणारं पाणी कमी होतं, पण कडेला भिंत न लागल्याने प्रवाह आरपार जातो. भिंतींच्या रेषेवर ब्रेकलाइन (घरांच्या कडा त्या रेषेवर आणणारी रेघ) टाका, तिथली जाळी बारीक करा आणि वेगाचे बाण भिंतीला वळसा घालतात का, हे नकाशावर डोळ्यांनी पाहा.

एकमितीय स्थिर प्रवाहाचं (वेळेनुसार न बदलणाऱ्या प्रवाहाचं) मॉडेल पूरक्षेत्रात पाणी साठण्याची जागा मोजतच नाही, आणि ही त्याची मोठी मर्यादा आहे. ४० मीटर लांब, १२ मीटर रुंद भाग ०.८ मीटर पाण्यात उभा राहिला की ३८४ घनमीटर जागा गेली. एका इमारतीने पातळी हलणार नाही कदाचित, पण काठावर अशा दहा झाल्या की खालच्या वस्तीकडे पुराचा लोंढा लवकर आणि जास्त जातो. अस्थिर प्रवाहाचं (वेळेनुसार बदलणाऱ्या प्रवाहाचं) मॉडेल चालवा आणि गेलेल्या जागेच्या भरपाईची खोदाई पातळीनुसार मोजा: ज्या थरात भराव, त्याच थरात खोदाई. भूजलपातळीखालचा खड्डा आधीच भरलेला असतो. तो हिशेबात धरू नका.

निकाल वाचताना प्रत्येक छेदावरची पातळी तपासा, फक्त इमारतीसमोरची नाही. अमेरिकेत निश्चित केलेल्या पूरमार्गात (पूर वाहून जाण्यासाठी राखलेल्या पट्ट्यात) बांधायचं तर पातळी अजिबात न वाढल्याचं दाखवावं लागतं, तिथे ०.०१ फूटही अडतो. मॉडेलच्या खालच्या टोकाला, जिथून पाणी बाहेर जातं, तिथे भरलेला उतार थोडा कमी-जास्त करून पुन्हा चालवा. इमारतीजवळची पातळी हलली तर मॉडेल आणखी खालपर्यंत न्यायला हवं. आणि फूट-मीटरची काळजी घ्या: एकक प्रणाली नुसती बदलली तर आकडे बदलत नाहीत, रूपांतराचा पर्याय वेगळा द्यावा लागतो.