रंग नवा, आत सगळं जुनंच : इंजिन 'बांधून' घेताना झालेली फसवणूक

माझ्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं इंजिन बाहेरून बांधून आणलं, म्हणजे आतले झिजलेले भाग बदलून घेतले, असं मी समजत होतो. पहिलं ऑइल बदललं त्या दिवशी सगळं उघडं पडलं. नव्या इंजिनातलं पहिलं ऑइल पाच तासांनी काढायचं, हा इंजिन बनवणाऱ्या कोहलर कंपनीचा नियम. नव्याने बांधलेल्या इंजिनालाही तोच लावावा, म्हणून मी ड्रेन प्लग सोडला. आतून जे आलं त्याला ऑइल म्हणवत नव्हतं. बोट बुडवून वर उचललं तर मधासारखी वीतभर तार लागली. ते सगळं काढलं, या इंजिनाला लागतं ते एसएई ३० भरलं आणि स्टार्टर मारला. दोन मिनिटांत निळा धूर. गवत कापायची डेक चालू केली, इंजिनावर लोड आला आणि खालून खटखट सुरू झाली. काम करून घेण्याआधी धूर आणि आवाज होते तेच, तसेच.

ट्रॅक्टर कब कॅडेट. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली काढलेला हा गार्डन ट्रॅक्टर. १९८१ साली त्यांनी हा धंदा विकला. माझा त्या हार्वेस्टरच्या काळातला. इंजिन कोहलरचं के३०१, एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर. ब्लॉक कास्ट आयर्नचा, म्हणजे झिजला तर बोअर करून, सिलिंडर आतून थोडा मोठा कापून, पुढे कित्येक वर्षं चालवता येतो. म्हणूनच अशी जुनी मशीन भंगारात द्यायला जीव होत नाही. बाकीचं काम मी हातानेच केलं होतं. कार्बोरेटर उघडून साफ केला, वायरिंग नवं ओढलं, पुढच्या अ‍ॅक्सलचा बुश बदलला. इंजिन तेवढं बाहेर द्यावं लागलं, कारण बोअरिंग मशीन घरात नसते.

ज्याच्याकडे दिलं तो माणूस बोलायला फार गोड. पहिल्या भेटीत त्याने स्पार्क प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं यंत्र, लावून इंजिन फिरवलं. काटा जेमतेम हलला. "बघा दादा, जीवच नाही राहिला यात. बोअर, पिस्टन, क्रँक, सगळं करावं लागेल." मी मान डोलावली. आता कळतं की त्या गेजवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. के मालिकेच्या या इंजिनात सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी यंत्रणा असते, म्हणजे स्टार्टरला जड जात नाही. त्यामुळे धडधाकट इंजिनावरही स्टार्टरने फिरवताना गेज कमीच दाखवतो. खरी परीक्षा लीक-डाउनची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणून रोखायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. डिपस्टिकच्या नळीतून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक. माझ्या इंजिनाला काम हवंच होतं, धूर खोटा नव्हता. पण जो माणूस चुकीची चाचणी दाखवून बरोबर निष्कर्ष काढतो, त्याला एक तर ते इंजिन माहीत नाही किंवा त्याला आपली परीक्षा घ्यायची आहे. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पैसे सगळे आधी घेतले. "पिस्टन मागवावा लागतो ना, दादा." सहा आठवडे गेले. मग फोन आला, या घेऊन जा, नवं कोरं झालंय. इंजिन खरंच देखणं दिसत होतं. रंग चकचकीत, प्लग नवा, सायलेन्सरला चंदेरी लेप. माझ्यासमोर सुरू केलं, पण आधीच गरम करून ठेवलेलं होतं. हात लावला तेव्हा ते जाणवलं, आणि तरी मी काही विचारलं नाही. धूर नाही, आवाज गोळीबंद. मी खूश होऊन घरी आलो. कपाटात बिल ठेवलं, नीट वाचलंसुद्धा नाही.

ते बिल ऑइलच्या दिवशी पुन्हा बाहेर काढलं. त्यात लिहिलं होतं : सिलिंडर ०२० बोअर, पिस्टन-रिंग सेट ०२०, क्रँक ग्राइंडिंग, कनेक्टिंग रॉड बेअरिंग शेल एक जोडी. ०२० म्हणजे इंचाचे वीस हजारांश, मूळ मापापेक्षा तेवढं मोठं.

शेवटच्या ओळीवर मी अडकलो. मॅन्युअल उघडलं, पार्ट्सची चित्रं पाहिली, पुन्हा पाहिली. के३०१ च्या रॉडमध्ये, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यात, शेल बेअरिंग (मध्ये बसणाऱ्या पातळ वाट्या) नसतातच. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तो थेट क्रँकपिनवर फिरतो. पिन ग्राइंड केली तर ०१० अंडरसाइजचा, म्हणजे बारीक झालेल्या पिनला बसणारा, अख्खा रॉड बदलायचा असतो. या माणसाने जो भाग त्या इंजिनात जन्मापासून नाही, त्याचे पैसे माझ्याकडून घेतले होते.

रात्रीच इंजिन खाली उतरवलं. हे काम घाईत करायचं नसतं, पण झोप लागणार नव्हती. खालचं ऑइल पॅन काढायला गेलो तर बोल्टच्या कडांना रंगाचा अखंड थर, पाना लावल्यावर पहिल्यांदाच तडकला. पॅन आणि ब्लॉकच्या जोडावरही तेच. म्हणजे रंग मारल्यानंतर तो जोड सुटला नव्हता, हे नक्की. आधी सुटला असेल असं स्वतःला समजावत होतो, तेवढ्यात वरचं पत्र्याचं कव्हर काढलं. आत सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्समध्ये, त्या पातळ उभ्या पट्ट्यांत, वर्षानुवर्षांचं कापलेलं गवत ठासून भरलेलं, तेलाने काळं झालेलं. कव्हरच्या कडेला, जिथे स्प्रेची फवार आत पोहोचली होती, तिथे गवताचं एक सुकलेलं पातं उभं होतं. त्यावर ब्लॉकचाच ताजा रंग बसला होता. नखाने काढलं तर अख्खं निघून हातात आलं, एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला गवत.

बोअर केलेल्या सिलिंडरच्या फिन्समध्ये गवत राहू शकत नाही. ब्लॉक मशीनवर चढवण्याआधी उघडा करून धुवावाच लागतो.

हेड उघडायला मग वेळ लागला नाही. गॅस्केट जुनं, भाजून कडक झालेलं. पिस्टनवरचा कार्बन खरवडला. ओव्हरसाइज पिस्टन असता तर डोक्यावर माप कोरलेलं दिसलं असतं; इथे काहीच नव्हतं. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, रिंगा जिथवर येतात त्याच्यावर, झिजेची कड बोटाला लागत होती. बोअरनंतर करतात त्या होनिंगच्या (बारीक घासणीच्या) आडव्या-तिरप्या रेघांचा मागमूस नाही. सहा आठवड्यांत त्याने तीन गोष्टी केल्या होत्या : रंग, प्लग, आणि धूर व खटखट दोन्ही दाबून टाकणारं ते जाड ऑइल.

फोन केला. "नव्या रिंगा बसायला वेळ लागतो दादा, ५० तास चालवा." मी रॉडच्या शेलबद्दल विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग "बिल करणाऱ्या पोराने चुकून लिहिलं असेल." मी फोटो पाठवले. त्यानंतर माझा नंबर त्याने ब्लॉक करून टाकला. हमी तोंडीच होती, आणि जुने पार्ट्स मी मागितलेच नव्हते, म्हणून दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. जुना पिस्टन परत मागितला असता तर तो देणार कुठून?

पुढे ज्याच्याकडून काम करून घेतलं, त्याची पद्धत सांगतो. त्याने इंजिन माझ्यासमोर उघडलं. मायक्रोमीटर माझ्या हातात दिला, म्हणाला तुम्ही वाचा, मी लिहितो. के३०१ चा मूळ बोअर ३.३७५ इंच. ०२० केलेला असता तर ३.३९५ यायला हवा होता. आम्हाला वरच्या बाजूला ३.३७९ मिळाला, म्हणजे मूळ सिलिंडर, नुसता झिजलेला. त्याने माप, तारीख, सही असा कागद केला आणि आधी अर्धेच पैसे घेतले. पिस्टन आला तेव्हा बसवण्याआधी मला बोलावून डोक्यावरचा आकडा दाखवला.

इंजिन देण्याआधी ब्लॉकच्या आणि पिस्टनच्या न दिसणाऱ्या जागी पंचने एक बारीक ठिपका मारून ठेवा, फोटो काढा. पिस्टन बदलला असेल तर परत येणाऱ्या जुन्या पिस्टनवर तो ठिपका असतो. बिलावर 'इंजिन काम' असं मोघम चालवून घेऊ नका, प्रत्येक भागाचं माप लिहून घ्या आणि ते मॅन्युअलशी ताडून बघा. माझं बिल मी त्याच दिवशी वाचलं असतं तर तिथेच पकडला असता. आणि घ्यायला जाल तेव्हा इंजिन गरम लागलं तर तास-दोन तास थांबा. थंड झाल्यावरच सुरू करायला सांगा.

पैशांपेक्षा मला लागलं ते वेगळंच. फिन्स गवताने बुजलेल्या, ऑइल चुकीचं, अशा अवस्थेत मी ते इंजिन पाच तास भर उन्हात राबवलं, ते नवं आहे या भरवशावर. सिलिंडरला खोल ओरखडे पडले. दुसऱ्या कारागिराच्या मते आधी हे ०१० मध्ये साफ झालं असतं. आता ०२० नेही निघालं नाही, ०३० करावं लागलं. कोहलरने या इंजिनासाठी दिलेलं हे शेवटचं माप. पुन्हा झिजलं तर स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, घालावी लागेल.

इंजिन आता थंडीतही दुसऱ्या झटक्याला उठतं, धूर नाही. त्या पहिल्या माणसाच्या जाहिरातीत 'नव्याने बांधलेली इंजिनं' म्हणून जे फोटो आहेत, त्यात माझंही आहे. फोटो मोठा करून कव्हरच्या कडेला पाहिलं तर रंगवलेलं ते पातं दिसतं.